मोरेनादाची मात्राका: घरी बनवायची कशी आणि तिच्या ठेक्यावर पाऊल टाकायचं कसं

बोलिव्हियातल्या ओरुरो शहरात कार्निव्हलच्या शनिवारी मोरेनादा या नाचाची तुकडी यायला लागली की ती दिसायच्या आधी ऐकू येते. ट्रंपेट, ट्युबा, झांजा यांच्या तळाशी एक दळल्यासारखा आवाज असतो, कर्रर्र... कर्रर्र... शेकडो माणसं एकाच क्षणी मनगट फिरवत असतात. हे वाद्य म्हणजे मात्राका. आपल्याकडे जत्रेत गोल फिरवलं की टर्रर्र वाजणारं खेळणं मिळतं, त्याचीच ही थोरली बहीण.

मोरेनादा शिकायची तर सुरुवात पायांपासून करू नका, मात्राकापासून करा. या नाचात आणि या वाद्यात मर्म एकच आहे: वजन ढकलायचं नाही, झुलू द्यायचं. हातातल्या मात्राकाची पेटी स्वतःच्या वजनाने फिरायला लागली की वीस किलोचा पोशाख कसा वागवायचा हे कळायला वेळ लागत नाही. उलट पाय आधी पाठ केले आणि मात्राका नंतर हातात घेतली, तर पाऊल ठोक्यावर आणि आवाज ठोक्यामागे, ही खोड महिनोन्‌महिने सुटत नाही.

हे सोंग कुणाचं आहे

मोरेनो म्हणजे सावळा, काळा माणूस. स्पॅनिश काळात पोतोसीच्या चांदीच्या उद्योगासाठी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले, टांकसाळीतही त्यांना राबवलं गेलं. पुढे युंगासच्या उष्ण दऱ्यांमधल्या मळ्यांवर त्यांची वस्ती झाली. मात्राकाचा आवाज म्हणजे त्यांच्या साखळदंडांचा आवाज, असं एक सांगणं आहे. दुसरं सांगणं असं की तो द्राक्षं पिळायच्या घाण्याचा आवाज. मुखवट्याचे बटबटीत डोळे आणि बाहेर आलेली जीभ ही उंचावरच्या विरळ हवेत लागलेली धाप, असंही सांगतात. यातलं एकच खरं धरून बसायचं कारण नाही, पण तुकडीत ही तिन्ही सांगणी कानावर येतील.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. मोरेनादा आफ्रिकी माणसांविषयी आहे, पण ती घडवली आणि वाढवली प्रामुख्याने आयमारा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, आणि मेस्तिसो, म्हणजे मिश्र वंशाच्या, लोकांनी. ओरुरोतली मोरेनादा सेंत्राल ही तुकडी १९२४ मध्ये कोका-पानाचा व्यापार करणाऱ्या कोकानी मंडळींनी उभी केली. युंगासमधल्या तोकान्या, मुरुराता अशा गावांत राहणाऱ्या आफ्रो-बोलिव्हियन लोकांचं स्वतःचं संगीत वेगळं आहे. त्याला साया म्हणतात. त्यात पितळी वाद्यं नसतात. लहानमोठे ढोल, बांबूवर घासायचं क्वांचा आणि सवाल-जवाबाचं गाणं एवढ्यावर ते चालतं. २००९ च्या राज्यघटनेत या समाजाला स्वतंत्र मान्यता मिळाली. म्हणून ‘साया नाचतो’ म्हणत मोरेनादा नाचू नका. आणि तोंडाला काळा रंग फासू नका. मोरेनादात मुखवटा असतो, त्यामुळे रंगाची गरजच नसते. शिवाय काळं तोंड रंगवून नाचण्याला आफ्रो-बोलिव्हियन संघटनांचा उघड विरोध आहे.

लागणारं सामान

जुन्या मात्राकांची पेटी किर्किंचोच्या, म्हणजे तिकडच्या खवलेदार आर्माडिलोच्या, कवचाची असे. आज हा प्राणी संरक्षित आहे. जुनं कवच ‘खानदानी’ म्हणून कुणी विकायला आलं तर घेऊ नका, विमानतळावरच अडकाल. आता पेट्या लाकडाच्या, पत्र्याच्या, कागदाच्या लगद्याच्या असतात. आकार मासा, ट्रक, बाटली असा काहीही, बहुतेक वेळा तुकडीच्या धंद्याची खूण. आकार ही शेवटची गोष्ट. आधी आतलं यंत्र जमलं पाहिजे.

यंत्राचे भाग चार: दांड्यासकट दातेरी चाक, वरखाली दोन फळ्या, मागचा ठोकळा आणि जीभ, म्हणजे दातांवर आपटणारी पट्टी.

दांडा आणि चाक एकाच लाकडातून काढा. बाभूळ किंवा शिसव घ्या. सागवान दिसायला छान, पण दातांच्या कडा लवकर उडतात. ४० मिमी जाडीचा गोल दांडका कातारीकडे किंवा लेथवाल्याकडे न्या आणि एकूण १७५ मिमी लांबीत असं कातून घ्या: खाली १४० मिमी मूठ, जाडी २२ मिमी, त्यावर २५ मिमी लांबीचा भाग पूर्ण ४० मिमी जाडीचा, हेच चाक, सगळ्यात वर १० मिमीची खुंटी, जाडी १५ मिमी. लाकडाची रेघ, म्हणजे तंतूंची दिशा, दांड्याच्या लांबीतच असली पाहिजे. आडव्या रेघेच्या फळीतून चाक कापून दांड्यावर बसवलं, तर रेघेला आडवे येणारे दाते पहिल्याच तासात तुटतात. वेगळंच चाक करायचं असेल तर १२ मिमीचे प्लायवूडचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवा.

फळ्या ६ मिमी प्लायवूडच्या, १७० बाय ७० मिमी, दोन. पुढच्या टोकापासून ३५ मिमीवर, रुंदीच्या बरोबर मध्यावर भोक पाडा: खालच्या फळीत २३ मिमी, वरच्या फळीत १६ मिमी.

मागचा ठोकळा दोन तुकड्यांचा. दोन्ही ४५ मिमी लांब. मोठा ४८ मिमी रुंद आणि २८ मिमी जाड. छोटा २० मिमी रुंद, पण जाडी २७ मिमीच ठेवा, म्हणजे तो फळ्यांमध्ये अडकणार नाही. जीभ या दोघांच्या मध्ये चिमटीत धरली जाते. याशिवाय पेटीच्या पुढच्या तोंडाशी लावायला ८ मिमी जाडीची, ७० मिमी लांब आणि २८ मिमी उंच अशी एक आडवी पट्टी.

जीभ पिकलेल्या, वाळलेल्या बांबूची: १३५ मिमी लांब, २५ मिमी रुंद, २ मिमी जाड. जाडीत हात सैल सोडू नका. ३ मिमीची जीभ २ मिमीच्या तिपटीहून जास्त ताठ असते. तिने आवाज मोठा येतो खरा, पण दहा मिनिटांत मनगट भरून येतं. दीड मिमीची जीभ टिकटिक करते, बँडच्या पुढे ऐकू जात नाही. एका मात्राकासाठी चार जिभा एकदम तासून ठेवा. दोन खर्ची पडणारच आहेत.

दाते पाडणं

चाकाचा घेर सुमारे १२६ मिमी येतो. तेवढी कागदाची पट्टी कापा, तीनदा दुमडा, उलगडा. आठ समान घड्या मिळतात. पट्टी चाकाभोवती गुंडाळा आणि प्रत्येक घडीवर दांड्याच्या लांबीत रेघ ओढा. या रेघा म्हणजे खाचांचा तळ. प्रत्येक रेघेवर करवतीने ५ मिमी खोल काप द्या, मग तीनधारी कानशीने दोन्ही बाजूंनी सारखं उतरवत नेऊन इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करा. दोन खाचांमध्ये दाताचा माथा ३ मिमी सपाट राहू द्या. टोकदार दात देखणा दिसतो, पण लगेच झिजतो.

आठच दाते का? जास्त केले तर प्रत्येक दाताला जागा कमी मिळते, खाच उथळ होते, जीभ कमी अंतर पडते आणि आवाज कुजबुजल्यासारखा येतो. सहा केले तर ठोके मोजता येतात, ‘कर्रर्र’ होत नाही, ‘टक् टक् टक्’ होतं.

जुळणी

मोठा ठोकळा खालच्या फळीच्या मागच्या टोकाला, एका लांब कडेला घट्ट भिडवून सरसाने चिकटवा आणि खालून दोन स्क्रू मारा. पुढची आडवी पट्टीही चिकटवा. ती नसेल तर फळ्या फाकतात आणि चाक तिरकं होतं. सरस रात्रभर वाळू द्या. मग दांडा आतून, म्हणजे वरून खाली, २३ मिमीच्या भोकात सोडा. चाकाचा खांदा फळीवर टेकेल. मध्ये पातळ पितळी वॉशर घाला.

आता जीभ. ठोकळ्यात जाणाऱ्या भागात, टोकापासून १५ आणि ३० मिमीवर ५ मिमीची दोन भोकं पाडायची आहेत. बांबूला आधी चिकटपट्टी गुंडाळा आणि ड्रिल सावकाश चालवा, नाहीतर पट्टी उभी तडकते. बांबूची गुळगुळीत साल चाकाच्या बाजूला आली पाहिजे. दात जीभ उचलतो तेव्हा ताण याच अंगावर येतो, झीजही इथेच होते, आणि बांबूचा सगळ्यात चिवट भाग सालच आहे. उलटी लावलेली जीभ अर्ध्या मिरवणुकीत मऊ पडते. जीभ मोठ्या ठोकळ्याला टेकवा, वर छोटा ठोकळा ठेवा आणि ४० मिमीचे दोन स्क्रू आरपार मोठ्या ठोकळ्यात बसवा. इथे सरस नको. जीभ बदलायची असते.

मापं बरोबर असतील तर जिभेची चाकाकडची बाजू दांड्याच्या मध्यापासून १३ मिमीवर येते. खाचेचा तळ १५ मिमीवर आहे. म्हणजे जीभ खाचेत असतानाही २ मिमी वाकलेली राहते, आणि हा दाब असतो म्हणूनच ती पडताना आपटते. वरची फळी फक्त स्क्रूंनी बसवा: मोठ्या ठोकळ्यात दोन, पुढच्या पट्टीत दोन. भोकांना मेण चोळा. तेल नको. तेल लाकडात मुरतं, भोक फुगतं आणि धूळ धरतं.

वाजत नाही, तर का?

पहिल्या फिरवणीत मनासारखा आवाज क्वचितच येतो. बहुतेक वेळा दोष जिभेच्या लांबीत असतो. जिभेचं टोक दांड्याच्या मध्याच्या अगदी समोर संपलं पाहिजे. ते ५ मिमी जरी पुढे गेलं, तरी एक दात सुटायच्या आत पुढचा दात तिला खालून आधार देतो. ५ मिमी पडायच्या ऐवजी ती जेमतेम २ मिमी पडते, आवाज बसका येतो. अशी जीभ टोकाकडून एकेक मिलिमीटर कानशीने कमी करत जा आणि दर वेळी वाजवून पाहा. आवाज एका क्षणी उघडतो, तिथे थांबा. जीभ फार आखूड झाली तर उलट्या दिशेने फिरवताना तिचं टोक दातात समोरून अडकतं आणि मोडतं.

एका दिशेने आवाज खणखणीत आणि दुसऱ्या दिशेने मऊ येणं हे साहजिक आहे. खणखणीत दिशा तुमच्या हाताच्या सवयीच्या उलट येत असेल तर नवी पेटी करू नका. खालच्या फळीचे स्क्रू आणि सरस सोडवून दोन्ही फळ्यांची अदलाबदल करा आणि दांडा दुसऱ्या बाजूने घाला, दिशा आपोआप उलटते. पेटीवर बाणाची खूण करून ठेवा.

आवाज सुरुवातीला छान आणि नंतर खरखरीत होत असेल तर छोट्या ठोकळ्याचे स्क्रू ढिले झालेत. पेटी फिरताना डगमगत असेल तर वरचं भोक मोठं झालंय, खुंटीला पातळ चामड्याची पट्टी गुंडाळा. पेटी फिरतच नसेल, नुसती हलत असेल, तर मागचा भाग फार हलका आहे. ठोकळ्यामागे पन्नास ग्रॅमपर्यंत वजन, उदाहरणार्थ मोठे लोखंडी वॉशर, लावून पाहा. हाताने जोर लावून ही कसर भरून काढायला जाऊ नका.

सगळं जमलं की मग वरून मासा करा, ट्रक करा. कवच पत्र्याचं असेल तर जिभेसमोरची बाजू उघडी ठेवा किंवा तिथे भोकं पाडा. बंद डब्यात आवाज कोंडतो.

मनगट

मूठ उभी धरा. कोपर कमरेजवळ, हात जमिनीला समांतर. मनगटाने चहाच्या कपाच्या तोंडाएवढं वर्तुळ काढा, त्याहून मोठं नाही. पेटी स्वतःच भोवती फिरेल. खांदा हलत असेल तर चुकतंय. अर्ध्या तासाने खांदा दुखला तर दोष तंत्राचा, मनगट दुखलं तर दोष जिभेच्या जाडीचा.

वाजवण्याइतकंच थांबवणं अवघड आहे. मूठ आडवी केली की पेटीचा जड भाग खाली लोंबतो आणि चाक जागीच थांबतं. दुसऱ्या हाताने पेटी पकडून थांबवू नका. पोशाख चढवल्यावर दुसरा हात तिथपर्यंत पोचत नाही.

नवशिक्यांची एक चूक जवळपास सगळ्यांची असते: ठोका पडला की ते मनगट हलवतात. पेटीला हलून वेग घ्यायला पाव फेरा लागतो, त्यामुळे आवाज ठोक्यानंतर येतो. मनगट ठोक्याच्या किंचित आधी सुटलं पाहिजे. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ८० वर लावा, एका ठोक्याला एक पूर्ण फेरा द्या आणि स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. वाजवताना सगळं बरोबरच वाटतं. रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळतं. पाच मिनिटं चूक न होता झालं की १०० पर्यंत चढवा.

त्यानंतर चार मात्रांचा हा ठेका घ्या: पहिल्या मात्रेला एक पूर्ण फेरा, दुसरीला एक पूर्ण फेरा, तिसरीत दोन अर्धे झटके, चौथीला एक पूर्ण फेरा आणि लगेच मूठ आडवी. तोंडाने म्हणा: कर्रर्र, कर्रर्र, कर्र-कर्र, कर्रर्र. सरावाला हा पुरेसा आहे. तुमच्या तुकडीचा ठेका वेगळा असेल तर मोठ्या ढोलाचा, म्हणजे बोंबोचा, ठोका ऐकून जुळवा. ट्रंपेटच्या मागे जाऊ नका. सूर रेंगाळतो, ढोल रेंगाळत नाही.

हा नाच पूर्वी सिकुरी, म्हणजे वेळूच्या अनेक नळ्यांच्या बासऱ्या आणि ढोल यांच्यावर चाले. चाको युद्धानंतर (१९३२-३५) लष्करी बँडमधून परतलेल्या वादकांमुळे पितळी बँड पसरले आणि मोरेनादाचा आवाज आजच्यासारखा भारदस्त झाला. जुनी सिकुरी मोरेनादा ऐकायला मिळाली तर जरूर ऐका. तिच्यात ठेक्याचा सांगाडा उघडा दिसतो, शिकणाऱ्याला ती बँडपेक्षा सोपी जाते.

पाऊल

पाय खांद्याएवढे अंतरावर, गुडघे किंचित मोकळे. एक: उजवा पाय तिरका पुढे, फक्त अर्ध्या पावलाएवढा, आणि शरीराचं सगळं वजन त्याच्यावर. दोन: डावा पाय जवळ, चवडा टेकवायचा, वजन द्यायचं नाही. तीन: डावा तिरका पुढे, वजन डावीकडे. चार: उजवा जवळ. कंबर आणि खांदे पावलाबरोबर डोलतात, पण डोकं एकाच उंचीवर राहतं. डोकं वरखाली व्हायला लागलं की तुम्ही चालत नाही, उड्या मारताय. मोरेनादात उडी नाही. उड्या, लाथा आणि बुटांच्या घुंगरांचा जोश हे कापोरालेस या दुसऱ्या, बऱ्याच नव्या नाचाचं काम.

चार मात्रांत तुम्ही जेमतेम एक पाऊल पुढे सरकता. ही संथपणाची गोष्ट पचायला वेळ लागतो. वेग वाढवायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि एक रांग दोन पावलं पुढे गेली की मागच्या सगळ्या रांगा विस्कटतात.

मात्राका पावलाशी जोडताना आधी फक्त एक आणि तीनवर वाजवा, म्हणजे वजन पडतं तिथे. दोन आणि चारला शांत. हे आठवडाभर. मग पूर्ण ठेका. पाय आणि हात वेगळे पडले तर पाय थांबवा, मात्राका चालू ठेवा आणि पुढच्या ‘एक’वर पाय पुन्हा उचला. उलटं करू नका. तुमचा पाय चुकला तर शेजाऱ्यालाच दिसतो, मात्राका चुकली तर अख्ख्या रस्त्याला ऐकू येते.

वळण ‘एक’वर सुरू होतं आणि चारावर संपतं. अर्ध्या वळणाला चार मात्रा, पूर्ण वळणाला आठ. इशारा रांगेच्या पुढे असणारा म्होरक्या शिट्टीने किंवा मात्राका वर उंचावून देतो. कोणत्या इशाऱ्याचा अर्थ काय, हे प्रत्येक तुकडीत वेगळं असतं, ते पहिल्याच सरावाला विचारून घ्या.

बायकांच्या रांगांत पोयेरा, म्हणजे घेरदार घागरा, शाल आणि गोल टोपी घातलेल्या चोलिता असतात. पाऊल हेच, पण दोन आणि चारच्या मात्रेला कमरेचा झोका जास्त, म्हणजे घेर उशिरा परततो आणि रांगभर लाट दिसते. त्यांच्या हातातली मात्राका लहान असते. त्यामुळे वरची सगळी मापं तीन-चतुर्थांश करा, पण जिभेची जाडी १.५ मिमीच्या खाली नेऊ नका.

वजनाचा सराव

मोरेनोचा पोशाख घंटेसारखा, थराथरांचा, आत कडी घालून ताठ केलेला असतो. भरतकाम, मणी, खडे मिळून २० किलो सहज होतात. ते सगळं खांद्यांवर येतं. पोशाख हातात पडायची वाट बघू नका. दोन महिने आधीपासून पाठीवर आणि छातीवर अशा दोन पिशव्यांत मिळून ५ किलो तांदूळ घालून पाऊल टाका, दर दहा दिवसांनी २ किलो वाढवा. वजन पुढे-मागे सारखं वाटलेलं हवं. फक्त पाठीवर असेल तर माणूस पुढे झुकायला शिकतो आणि खरा पोशाख घातल्यावर मागे पडतो. खांद्यांवर दोन बोटं जाडीचा फोम शिवून घ्या. त्याशिवाय दुसऱ्या तासाला हात बधिर होतात.

कडीच्या घेरामुळे पाय दिसत नाहीत, आणि मुखवट्यामुळे समोरचंही अर्धंच दिसतं. म्हणून शेवटचे चार सराव तरी छातीशी पुठ्ठा बांधून करा, म्हणजे खाली बघायची सवय तुटेल. शेजाऱ्यापासून दीड मीटर, पुढच्यापासून दोन मीटर अंतर ठेवा. वळताना कडी एकमेकांत अडकली तर ओढायचं नाही. दोघांनी जिकडून आले तिकडे उलटं वळायचं. मुखवट्याच्या आत कपाळाला सुती फडकं बांधा. घाम डोळ्यात गेला तर पुसायची सोय नाही.

अचाची, म्हणजे पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुकादम, आणि मोरेनोंचा राजा ही मोकळी सोंगं दिसतात म्हणून नवखे ती मागतात. ती रांगेबाहेर, स्वतःच्या मनाने फिरतात. ठेका हाडात मुरलेल्यालाच ती जमतात. आधी दोन वर्षं रांगेत काढा.

ओरुरोचा रस्ता

ओरुरो सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. खालून येणाऱ्याने निदान चार-पाच दिवस आधी पोचावं आणि पहिले दोन दिवस सराव करू नये. सोरोचे, म्हणजे उंचीची बाधा, आधी डोकेदुखीतून बोलते. तिच्याकडे दुर्लक्ष करून पोशाख चढवणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे. मिरवणूक साधारण ४ किलोमीटरची, शेवट सोकावोनच्या मरियेच्या देवळात. तिथे मुखवटा काढून, गुडघ्यांवर सरकत आत जायचं असतं. नाचणारे बहुतेक जण तीन वर्षं नाचायचा नवस बोलून आलेले असतात, त्यामुळे हा भाग उरकून टाकायचा नाही. गुडघ्यांसाठी शक्ती राखून ठेवा. युनेस्कोने २००१ मध्ये या कार्निव्हलचा गौरव केला, २००८ मध्ये तो मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला. ओरुरोपर्यंत जाणं होत नसेल तर ब्वेनोस आयर्समध्ये आणि अमेरिकेत व्हर्जिनियाच्या उत्तर भागात बोलिव्हियन लोकांच्या तुकड्या आहेत. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाला सरावाला जाऊन उभं राहणं शक्य आहे.

कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चात येतो, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात. त्यातच रस्त्यावरची पोरं पाण्याचे फुगे आणि फेसाच्या फवाऱ्या घेऊन टपलेली असतात. ओली जीभ मऊ पडते, फेस खाचांत साचतो आणि ऐन देवळाच्या चढावर मात्राका गप्प होते. निघायच्या आदल्या रात्री चाकाला आणि जिभेला मेण चोळून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. वाजवत नसताना पेटीची उघडी बाजू तुमच्या अंगाकडे राहील अशी मूठ धरा. कमरेच्या पट्ट्यात दोन तयार जिभा आणि एक छोटा पेचकस ठेवा. बदलायला तीन मिनिटं लागतात, पण मुखवटा काढावा लागतो, म्हणून ते काम बँड थांबतो तेव्हाच उरका.

परत आल्यावर वरची फळी उघडा, खाचा जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा आणि सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवली तर फळी वाकडी होते. मग छोट्या ठोकळ्याचे दोन्ही स्क्रू दोन-दोन फेरे सैल करा आणि जीभ चाकापासून सुटी करून ठेवा. वर्षभर वाकलेल्या अवस्थेत राहिलेली जीभ तशीच वाकडी होऊन बसते, आणि पुढच्या सरावाला तुम्ही चाकाला दोष देत बसता.